आपल्याविषयीची टीका आणि स्तुती जशीच्या तशी लक्षात कशी ठेवावी

लातूर जिल्ह्यातील एका वाडीच्या शाळेत मी शिकवीत असताना माझ्या पाठावर लिहिलेला एक शेरा मी कित्येक वर्षे ‘तुम्हाला शिकवता येत नाही’ असाच लक्षात ठेवला होता. बदलीच्या वेळी शेरेबुक उघडले, तेव्हा तेथे निळ्या शाईत तीन वाक्ये होती: फळ्यावरील अक्षर सुरेख आहे, मागे बसणाऱ्या लेकरांकडे लक्ष कमी जाते, प्रश्न विचारल्यावर उत्तरही बाईच सांगून टाकतात. पहिले वाक्य मी विसरले होते, दुसऱ्यातून स्वतःवरचा निकाल तयार केला होता, आणि सर्वांत उपयोगाचे तिसरे वाक्य वाचल्याचेही मला आठवत नव्हते.

म्हणून कोणी काही सांगितले, की ते त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी वहीत उतरवावे. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांतच सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले. ‘आज माझा अपमान झाला’ असे लिहू नये. ‘बाई, लेकरू तोंड उघडायच्या आत तुमीच उत्तर सांगून मोकळ्या होता’ हे पालकाचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहावेत आणि खाली ते कोणत्या कामाबद्दल होते, एवढेच नोंदवावे.

ज्या गुणाचा आपल्याला अभिमान आहे, त्याविषयीची टीका मात्र दुप्पट काळजीने लिहावी. सेडिकिडीज आणि ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये दाखवले, की स्वतःच्या महत्त्वाच्या गुणांना धक्का देणारा मजकूर माणसाला कमी आठवतो, पण तोच मजकूर दुसऱ्या कोणाविषयी असला तर असे होत नाही. उलट, वाईटाचा परिणाम चांगल्यापेक्षा खोल होतो, असे मानसशास्त्रज्ञ बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडले. मला यात विरोध दिसत नाही, कारण बोलणे मनाला लागल्याची सल राहते आणि बोलण्यातला मजकूर निसटतो, हे माझ्याच शेऱ्याचे झाले होते. धीराने शिकवणे हा माझा अभिमानाचा विषय होता, आणि तिसरे वाक्य नेमके त्यावरच होते.

स्तुतीसाठी एकच करावे: ‘छान झालं’ म्हणणाऱ्याला ‘नेमकं काय?’ असे विचारून ते उत्तर लिहावे.

महिन्याभराने वही न उघडता, आठवेल ते वेगळ्या कागदावर लिहावे आणि मग दोन्ही शेजारी ठेवून वाचावे. कागदावर जे वाढले असेल त्यावर काट मारावी आणि जे गळाले असेल त्याखाली रेघ ओढावी. रेघ ओढलेल्या वाक्याचा अर्थ तरीही लागत नसेल, तर वही घेऊन सांगणाऱ्याकडेच जावे आणि ‘त्या दिवशी तुम्ही हे म्हणाला होतात, ते कशावरून?’ असे विचारून उत्तर त्याच पानावर लिहावे.