रत्नागिरीला निघण्याआधी

आधी तिकीट. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गणपती आणि मे महिन्याच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून तारीख कॅलेंडरवर आजच मांडून ठेवा. मुक्कामाचा दिवस धरताना सोमवार टाळा, थिबा राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, रिक्षाला सुटे पैसे हाताशी असू द्या.

रत्नदुर्ग किल्ल्यासाठी पिशवीत जाड मोजे हवेतच. गेल्या एप्रिलमध्ये आईला घेऊन गेले होते. निघायला उशीर झाला, अकराच्या उन्हात किल्ल्यातल्या भगवतीच्या देवळाबाहेर चपला काढल्या. तापलेल्या फरशीवर दोनच पावलं टाकून आईने माझा दंड असा धरला की बोटांचे वळ उठले. तेव्हापासून किल्ला सकाळी आठच्या आत, आणि मोजे आधी पिशवीत. तीन बाजूंनी समुद्र आहे, वारा टोपी उडवतो. हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली टोपी घ्या. प्यायचं पाणी घरूनच भरून न्या.

दुपार थिबा राजवाड्याला द्या, आणि मुलं बरोबर असतील तर गोष्ट आदल्या रात्रीच सांगून ठेवा. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी कुटुंबासह इथे आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षांनी. त्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. 1916 मध्ये इथेच गेला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे, तिथे जायला अर्धा तास राखून ठेवा. बहुतेक लोक वाड्यापुढे फोटो काढून निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. परत जाऊ न शकलेला राजा समजायचा तर वरच्या मजल्यावरच्या नक्षीदार लाकडी खिडकीपाशी थोडं थांबायला हवं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, 1931 मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुलं झालेलं पतितपावन मंदिर एकाच फेरीत होतं. संध्याकाळी मांडवी किंवा भाट्ये, जो किनारा मुक्कामाला जवळ असेल तो.

माशांसाठी येणार असाल तर जून-जुलै सोडा, तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरायचं तर नावच नको.

हापूस घ्यायचा तर निघायच्या दिवशी, आणि तयार नको, कच्चाच घ्या. पेटी उघडून दाखवायला सांगा, खालच्या थरातलं एक फळ काढून देठापाशी हुंगून बघा. पेटी बांधायला सुतळी घरून न्या. गाडीत पेटी सीटखाली आडवी सरकवा, वर बॅगा रचू नका, आणि घरी पोचल्याबरोबर आंबे काढून पेंढ्यावर एकेरी मांडा.