साल्झबर्गचे जुने शहर आणि किल्ला एका दिवसात पायी कसे पाहावेत

साल्झबर्ग 1816 मध्ये कायमचे ऑस्ट्रियात आले. त्यापूर्वी कित्येक शतके येथे आर्चबिशप हेच धर्मगुरूही होते आणि राजेही होते, आणि जवळच्या ड्युर्नबर्ग येथील खाणींतील मिठावर त्यांचा खजिना भरत असे. खालचे चौक व चर्च, तसेच वरचा होहेनसाल्झबर्ग किल्ला, ही सर्व याच सत्ताधीशांची बांधकामे आहेत. म्हणून आल्याआल्या किल्ल्यावर धाव घेण्यापेक्षा आधी शहर आणि मग किल्ला हा क्रम ठेवावा. वर गेल्यावर काय राखण्यासाठी एवढे तट उभारले ते मग आपोआप कळते.

सुरुवात साल्झाख नदीच्या उजव्या तीरावर, मिराबेल राजवाड्याच्या बागेत करावी. रेल्वे स्थानकापासून ही बाग चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि तिच्यात प्रवेश विनामूल्य आहे. आर्चबिशप वोल्फ डीट्रिख याने हा राजवाडा 1606 मध्ये आपली सहचारिणी सालोमे आल्ट हिच्यासाठी बांधला. बागेच्या टोकाला उभे राहिल्यास पुढे कॅथेड्रलचा (शहराच्या मुख्य चर्चचा) घुमट आणि त्याच्या मागे किल्ला असे दृश्य एका नजरेत मावते. वोल्फ डीट्रिखचे नाव लक्षात ठेवावे, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर माकार्टश्टेग हा पादचारी पूल ओलांडून गेट्राइडेगासे या अरुंद पेठेत शिरावे, आणि शक्य तर दुकाने उघडण्यापूर्वीच शिरावे, कारण दहा वाजल्यानंतर येथे माना वर करून लोखंडी पाट्या पाहणेही कठीण होते. घडीव लोखंडाच्या या पाट्या दुकानाचा धंदा चित्राने सांगत असत. क्रमांक 9 च्या घरात 27 जानेवारी 1756 रोजी मोझार्टचा जन्म झाला. आत संग्रहालय आहे, पण संगीताची फारशी ओढ नसेल तर घर बाहेरून पाहून पुढे निघाले तरी चालेल. मात्र पेठेतील घरांच्या पोटातून जाणारे बोळ चुकवू नयेत. त्यांतून पलीकडच्या युनिव्हर्सिटेट्सप्लाट्झ चौकात जाता येते, जेथे रविवार सोडून सकाळी भाजीपाल्याचा आणि खाद्यपदार्थांचा बाजार भरतो.

तेथून कॅथेड्रलकडे जावे. जुने कॅथेड्रल 1598 मध्ये आगीत सापडले, आणि वोल्फ डीट्रिखने ते दुरुस्त न करता पाडून टाकले. आजच्या इमारतीचे लोकार्पण 1628 मध्ये झाले. प्रवेशद्वारांच्या जाळ्यांवर 774, 1628 आणि 1959 ही तीन वर्षे कोरलेली आहेत. यांतील शेवटचे वर्ष 1944 च्या बॉम्बहल्ल्यात घुमट कोसळल्यानंतर झालेल्या पुनर्बांधणीचे आहे. आत गेल्यावर ज्या कुंडात मोझार्टचा बाप्तिस्मा झाला ते अवश्य पाहावे.

कॅथेड्रलजवळच, कड्याला टेकून, सेंट पीटर मठाची दफनभूमी आहे. येथे जरा रेंगाळावे. कड्यात कोरलेल्या गुहांपर्यंत तिकीट काढून चढता येते. 1669 मध्ये याच डोंगराचा एक भाग शहरावर कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून कडे तपासून सुटे दगड काढण्याचे काम नेमलेले कामगार दोरांवर लोंबकळत आजही करतात. मठाच्या जुन्या बेकरीतील पाव ताजा घेतला, तर दुपारच्या जेवणाची चिंता उरत नाही.

आता किल्ला. 1892 पासून फेस्टुंग्सगासे येथून दोरीने ओढली जाणारी रेल्वे वर जाते, पण गुडघे साथ देत असतील तर पायीच चढावे. चढ खडा असला तरी वीसएक मिनिटांचा आहे, आणि गडांवर फिरलेल्या मराठी माणसाला तो किरकोळच वाटेल. पायी गेल्यावर एकामागून एक येणारे दरवाजे आणि तटांच्या वळणांतून शत्रूला कसे अडवले जाई हे पावलोपावली उमगते. रेल्वेने गेल्यास ते नेमके निसटते. किल्ल्याची सुरुवात 1077 मध्ये आर्चबिशप गेबहार्टने, सम्राट व पोप यांच्या संघर्षाच्या काळात केली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आर्चबिशप लेओन्हार्ट फोन कोइटशाख याने तो खूप वाढवला. त्याच्या कुलचिन्हातील सलगम भिंतींवर जागोजागी दिसतो. तिकीट घेताना आर्चबिशपांच्या दालनांचा समावेश आहे का हे पाहावे, कारण सोनेरी नक्षीचे छत आणि रंगीत फरशांची 1501 सालची शेगडी तेथेच आहे. 1525 च्या शेतकरी उठावात पडलेला वेढा किल्ल्याने परतवला. 1800 मध्ये मात्र तो फ्रेंचांना न लढता दिला गेला. आणि वोल्फ डीट्रिख? शेजारच्या बव्हेरिया राज्याशी मिठावरून झालेल्या संघर्षात तो पकडला गेला, 1612 मध्ये पायउतार झाला आणि 1617 मध्ये याच किल्ल्यात कैदेत वारला.

उतरताना आल्या वाटेने न जाता किल्ल्याला लागून असलेल्या मोन्शबर्ग या डोंगराच्या माथ्यावरून पश्चिमेकडे चालावे. झाडीतून जाणारी ही वाट आधुनिक कला संग्रहालयाजवळ संपते, आणि तेथील लिफ्टने खाली गावात उतरता येते. पाऊस येथे वारंवार येतो, त्यामुळे छत्रीपेक्षा जाकीट बरे, आणि दगडी फरसबंदीवर घसरणार नाहीत असे बूट हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये 1920 पासून भरणाऱ्या संगीत-नाट्य महोत्सवामुळे खोल्या महाग होतात, तेव्हा मे किंवा सप्टेंबर निवडावा. लिफ्टची वेळ टळली असेल, तर महोत्सवाच्या नाट्यगृहांच्या बाजूला उतरणारा जिना शोधावा. तो थेट जुन्या शहरात पोहोचवतो.