पीएचपी ७.४ वरून ८.१ वर गेल्यानंतर संकेतस्थळ बंद पडल्यास काय करावे

उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २०.०४ आवृत्तीवर चालणारा सर्व्हर २२.०४ वर नेला की त्यासोबत येणारी पीएचपी (संकेतस्थळाचा कोड ज्या भाषेत लिहिलेला असतो ती) ७.४ ऐवजी ८.१ होते, आणि काल सुरळीत चालणारे संकेतस्थळ आज कोरे पान किंवा ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ दाखवू लागते. ७.४ ला पीएचपी प्रकल्पाकडून सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले असल्याने जुन्या आवृत्तीवर परतणे हा फार तर तात्पुरता उपाय आहे. वेब सर्व्हर आणि पीएचपी यांच्या जोडणीतला दोष, राहून गेलेले एक्स्टेन्शन (पीएचपीला जोडायचा पूरक भाग) आणि कोडमधली त्रुटी ही तिन्ही कारणे ब्राउझरमध्ये बहुधा सारखीच दिसतात, पण त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून एकाही फाइलला हात लावण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवावे.

पान ‘५०२ बॅड गेटवे’ म्हणत असेल तर विनंती आपल्या कोडपर्यंत पोहोचलेलीच नसण्याची शक्यता मोठी आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधील ‘फास्टसीजीआय पास’ या ओळीत अजूनही ७.४ च्या एफपीएम सॉकेटचा (वेब सर्व्हरच्या विनंत्या पीएचपी चालवणाऱ्या एफपीएम या सेवेकडे जातात त्या जागेचा) पत्ता असतो आणि ते सॉकेट आता अस्तित्वात नसते. तो पत्ता ८.१ चा करून एनजिनएक्स रीलोड केले की काम भागते. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर ८.१ चे मॉड्यूल चालू करायचे राहिले, तर याहून गंभीर प्रकार घडतो: पान चालण्याऐवजी त्याचा मूळ कोड जसाच्या तसा वाचकासमोर येतो. असे दिसताच संकेतस्थळ लगेच बंद करावे, आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल उघडी पडल्याची शंका असल्यास तो पासवर्ड बदलूनच ते पुन्हा सुरू करावे.

जोडणी ठीक असेल तर एरर लॉगकडे, म्हणजे त्रुटींच्या नोंदवहीकडे वळावे. टर्मिनलवर दिसणारी पीएचपीची आवृत्ती आणि संकेतस्थळ चालवणारी आवृत्ती एकच असेल असे गृहीत धरू नये, कारण कमांड लाइन, एफपीएम आणि अपाचे यांच्या ‘पीएचपी डॉट आयएनआय’ या सेटिंगच्या फायली वेगवेगळ्या असतात. खात्रीसाठी चालू आवृत्ती आणि सेटिंग दाखवणारे ‘पीएचपी-इन्फो’चे छोटे पान तयार करून ब्राउझरमध्ये पाहावे आणि काम होताच ते काढून टाकावे. चालू संकेतस्थळावर ‘डिस्प्ले एरर्स’ (त्रुटी पानावर दाखवणे) बंद आणि ‘लॉग एरर्स’ (त्या लॉगमध्ये नोंदवणे) चालू असावे. हा नियम केवळ गोपनीयतेसाठी नाही. ‘डेप्रिकेटेड’ (ही पद्धत पुढे काढली जाईल अशा) प्रकारची एक साधी सूचना जरी पानावर छापली गेली, तरी तिच्यानंतर हेडर, म्हणजे पानाआधी ब्राउझरला द्यायच्या सूचना, पाठवता येत नाहीत, लॉगिन झाल्यावर पुढच्या पानावर जाणे थांबते आणि जेसॉन या माहितीच्या रचनेतले उत्तर मोडते. मग माणूस सेशनच्या (लॉगिनची आठवण ठेवणाऱ्या) कोडमध्ये दोष शोधत बसतो, आणि खरे कारण भलत्याच फाइलमध्ये असते. म्हणून लॉगमधील शेवटची ओळ पाहून थांबू नये. त्या विनंतीसाठी नोंदवलेली पहिली त्रुटी शोधून तेथूनच सुरुवात करावी.

‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ अशी नोंद असून फंक्शनचे नाव ‘एमबी’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर ८.१ साठीचे एमबीस्ट्रिंग (एकाहून अधिक बाइटांच्या अक्षरांसाठीचे एक्स्टेन्शन) पॅकेज बसवायचे राहिले आहे. मायएसक्यूएल, एक्सएमएल, कर्ल, जीडी, इंटल यांचेही तसेच. ही पॅकेजे प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी बसवावी लागतात. एमबीस्ट्रिंग नाही म्हणून कोडमधून ‘एमबी’ उडवून मजकुराचा तुकडा काढणारे साधे ‘सबस्ट्र’ वापरण्याचा मार्ग मराठी मजकुरासाठी घातक आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते आणि साधे फंक्शन बाइट मोजते, त्यामुळे बातमीचा गोषवारा अक्षराच्या मध्येच तुटतो.

यानंतर कोड. ‘ईच’ आणि ‘क्रिएट फंक्शन’ ही दोन फंक्शने ८.० मध्ये काढून टाकली गेली. मजकुरातील एखादे अक्षर महिरपी कंसाने मिळवण्याची पद्धतही गेली, आणि ती जिथे वापरली आहे ती फाइल मुळात वाचलीच जात नाही. अशा फायली ‘पीएचपी’ ही कमांड ‘एल’ (फक्त व्याकरण तपासणाऱ्या) पर्यायासह चालवून लवकर सापडतात. घटक मोजणाऱ्या ‘काउंट’ला नल (मूल्यच नसणे) दिल्यास पूर्वी इशारा मिळे, आता टाइप एरर येऊन पान थांबते. त्रुटी दडपणारे ॲट चिन्ह ओळीआधी लावल्यानेही असा घातक दोष आता झाकला जात नाही, आणि माझ्या मते हा बदल स्वागतार्हच आहे.

८.१ मधील एका बदलाकडे मात्र अनेकांचे लक्ष जात नाही. मायएसक्यूएलआय (पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारे एक्स्टेन्शन) आता चूक झाल्यावर ‘फॉल्स’ परत देत नाही, तर एक्सेप्शन फेकते, म्हणजे कोणी हाताळली नाही तर पान थांबवणारी त्रुटी देते. समजा, सभासद नोंदणीत तोच क्रमांक पुन्हा भरला गेला. जुना कोड निकाल तपासून ‘हा क्रमांक आधीच नोंदवलेला आहे’ असे नम्रपणे सांगत असे. आता ती तपासणी येण्याआधीच पान ५०० देते. तेथे एक्सेप्शन पकडणारे ‘ट्राय-कॅच’ लिहावे. ‘मायएसक्यूएलआय रिपोर्ट’ या फंक्शनने जुनी रीत परत आणता येते, पण ती सोय दुरुस्ती पूर्ण होईपर्यंतच ठेवावी.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो लॉगमध्ये न उमटणाऱ्या बदलाला. ७.४ मध्ये रिकामा मजकूर आणि शून्य यांची दुहेरी बरोबरीच्या चिन्हाने तुलना केली की उत्तर ‘खरे’ येई, ८.० पासून ते ‘खोटे’ येते. वर्गणीच्या अर्जात ‘रक्कम शून्य असेल तर अर्ज नाकारा’ अशी अट असेल आणि कोणी रकमेची चौकट रिकामीच सोडली, तर पूर्वी तो अर्ज अडत असे, आता तो त्या अटीतून पार होतो. कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही, पान व्यवस्थित दिसते आणि चुकीची नोंद वहीत जाते. यादीत मूल्य शोधणारे ‘इन ॲरे’ आणि पर्याय निवडणारे ‘स्विच’ यांमध्येही हीच सैल तुलना चालते. म्हणून पैसे, गुण, हजेरी अशा मूल्यांवरच्या अटी एकेक करून तपासाव्यात, मूल्याचा प्रकार आधी निश्चित करावा आणि मगच तिहेरी बरोबरीच्या चिन्हाने (जे प्रकारही तपासते) तुलना करावी.

वर्डप्रेस असल्यास ‘डब्ल्यूपी डीबग लॉग’ चालू करून दोषी प्लगइनचे फोल्डर तात्पुरते दुसऱ्या नावाचे करावे. पीएचपीची पॅकेजे सांभाळणारे कंपोझर वापरत असल्यास ‘व्हाय-नॉट’ कमांड कोणते पॅकेज ८.१ ला अडवते ते सांगते. मोठ्या प्रकल्पात नव्या आवृत्तीशी न जुळणारा कोड शोधणारे पीएचपी-कम्पॅटिबिलिटीचे नियम आधी चालवावेत, पण सैल तुलनेचे प्रश्न त्यांवर सोपवू नयेत.

पाने सुरळीत दिसू लागली तरी क्रॉनमधील, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे वेगळी तपासावी लागतात, कारण ती कमांड लाइनच्या पीएचपीवर आणि तिच्या स्वतंत्र कॉन्फिगरेशनवर चालतात. महिनाअखेरीचा अहवाल, पावत्यांचे ईमेल, रात्रीचा बॅकअप यांची स्क्रिप्ट चाचणीच्या प्रतीवर हाताने चालवावी आणि तिचे फलित ७.४ च्या काळातील फलिताशी ताडून पाहावे.