गुगल ॲनालिटिक्स ४ ला बिगक्वेरी जोडताय? या चुका टाळा

मागच्या दिवाळीत कार्ट अर्धवट सोडून गेलेले ग्राहक कोण, हा प्रश्न यंदाच्या दिवाळीच्या तोंडावर विचारला जातो. तेव्हा कळतं की गुगल ॲनालिटिक्सच्या (वेबसाइटवर येणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या सेवेच्या) एक्सप्लोरेशनमध्ये, म्हणजे सविस्तर विश्लेषणाच्या भागात, फक्त दोन महिन्यांचा डेटा उरलाय. 'डेटा रिटेन्शन'ची मूळ सेटिंग दोन महिन्यांचीच असते. ॲडमिनमध्ये जाऊन ती १४ महिने करा. आधी पुसला गेलेला डेटा मात्र परत येत नाही.

बिगक्वेरी म्हणजे हा डेटा साठवून त्यावर प्रश्न विचारता येणारी गुगलची सेवा. तिचंही तेच. जोडणी केल्या दिवसापासून पुढचा डेटा येतो, मागचा नाही. म्हणून आज गरज नसली तरी लिंक करून ठेवा. लिंक करताना दोन ठिकाणी घाई नको. डेटासेटचं (टेबलांच्या संचाचं) साठवणीचं ठिकाण नंतर बदलता येत नाही. मुंबई हवी असेल तर सुरुवातीलाच निवडा. आणि बिलिंग न जोडता फुकटच्या सँडबॉक्सवर (बिगक्वेरीच्या मोफत, मर्यादित आवृत्तीवर) राहिलात, तर प्रत्येक टेबल ६० दिवसांनी आपोआप उडतं. दोन महिन्यांवरून सुटायला गेलात आणि पुन्हा दोन महिन्यांवरच आलात.

ॲनालिटिक्सच्या फुकटच्या प्रॉपर्टीला (तुमच्या साइटच्या नोंदवहीला) बिगक्वेरीत रोज डेटा पाठवण्याची, म्हणजे एक्सपोर्टची, मर्यादा १० लाख इव्हेंटची (साइटवरच्या कृतींच्या नोंदींची) आहे. ती वारंवार ओलांडली की एक्सपोर्ट थांबतो. स्क्रोलसारखे बिनकामाचे इव्हेंट लिंकच्या सेटिंगमध्येच वगळा.

आकडे जुळत नाहीत

ॲनालिटिक्सच्या रिपोर्टशी बिगक्वेरीचे आकडे जुळत नसतील, तर बहुतेक वेळा दोष क्वेरीत (बिगक्वेरीला विचारलेल्या प्रश्नात) असतो. बिगक्वेरीतला टाइमस्टॅम्प (इव्हेंटची नेमकी वेळ) यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असतो, तर इव्हेंटची तारीख प्रॉपर्टीच्या टाइमझोनप्रमाणे. टाइमस्टॅम्पवरून थेट तारीख काढली, तर ८ तारखेला रात्री १.१५ ला आलेली ऑर्डर ७ तारखेच्या खात्यात पडते, कारण यूटीसीत तेव्हा ७ तारखेचे १९.४५ वाजलेले असतात. रात्री १२ ला सेल सुरू करणाऱ्यांचा पहिल्या साडेपाच तासांचा धंदा असा आदल्या दिवशी दिसतो. तारीख काढताना टाइमझोन म्हणून 'एशिया/कोलकाता' द्या. प्रॉपर्टीचा टाइमझोनही भारताचाच आहे ना, ते पाहा.

दुसरी चूक: टेबलाच्या नावात तारखेच्या जागी * टाकून सगळी टेबलं एकदम वाचणं. स्ट्रीमिंग (डेटा लगोलग पाठवणं) चालू असेल तर त्यात 'इंट्राडे' (चालू दिवसाची) टेबलंही येतात आणि एकच इव्हेंट दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते. ती टेबलं अटीत वगळा.

विक्रीच कमी दिसते

ट्रान्झॅक्शन आयडी (प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक) तपासा. आयडी मिळाला नाही म्हणून काही थीम (दुकानाच्या साइटचे तयार साचे) रिकामी स्ट्रिंग, म्हणजे मोकळी जागा, पाठवतात. ॲनालिटिक्सच्या लेखी मग त्या सगळ्या ऑर्डरी एकाच आयडीच्या ठरतात आणि डुप्लिकेट म्हणून गाळल्या जातात. ॲनालिटिक्समधला डीबगव्ह्यू (येणारे इव्हेंट लगेच दाखवणारं पान) उघडा, एक चाचणी ऑर्डर करा, परचेस (खरेदी) इव्हेंटवर क्लिक करून आयडी, रक्कम आणि चलन तिन्ही भरलेत का बघा.

विक्री दिसते, पण तिचं श्रेय पेमेंट गेटवेला जातं? ग्राहक पैसे भरायला बाहेर जाऊन परत येतो, म्हणून हे होतं. ॲनालिटिक्समध्ये डेटा स्ट्रीमच्या (साइटकडून डेटा येण्याच्या मार्गाच्या) टॅग सेटिंगमध्ये 'अनवॉन्टेड रेफरल्स'च्या यादीत गेटवेचं डोमेन टाका.

मोबाइल नंबर यूआरएलमध्ये

ही आपल्याकडची खास चूक. लॉगिन मोबाइल नंबरवर, आणि ओटीपीच्या पानाच्या पत्त्यात तोच नंबर उघडपणे दिसतो. ॲनालिटिक्सकडे ग्राहकाची ओळख पटेल अशी माहिती पाठवणं गुगलच्या अटींतच बसत नाही. ॲनालिटिक्सची 'डेटा रिडॅक्शन' (माहिती झाकण्याची) सोय ईमेल ओळखून झाकते, नंबर नाही. त्यासाठी पत्त्यात ज्या क्वेरी पॅरामीटरमध्ये (? नंतरच्या भागात) नंबर येतो, त्याचं नाव तुम्हालाच यादीत द्यावं लागतं. सर्व्हरवरून मेझरमेंट प्रोटोकॉलने (ॲनालिटिक्सला थेट डेटा पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवलेल्या डेटाला हे झाकण लागूच होत नाही, तिथे कोडमध्येच नंबर काढा.

एवढं करूनही रिपोर्ट आणि बिगक्वेरीतल्या युजरच्या संख्येत थोडा फरक राहील. रिपोर्टमध्ये ती अंदाजाने मोजतात, त्यामुळे तो फरक शोधण्यात दिवस घालवू नका. तुलना करायचीच तर तीन दिवसांहून जुन्या तारखेची करा. उशिरा आलेले इव्हेंट तोवर रोजच्या टेबलात भरले जात असतात.