क्लिनिकल सॅसमध्ये यायचंय? आधी छेद तपासा

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून कोल्हापूरहून पुण्याला आले, तेव्हा 'क्लिनिकल सॅस' म्हणजे फार्मसीवाल्यांचं काहीतरी, एवढीच माझी समजूत होती. खरं तर औषधांच्या चाचण्यांचा डेटा सॅस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायचं हे काम. आता याच कामात सात वर्षं झाली. ओळखीच्या मुलींचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पॅकेज किती?"

सांगते. माझं पहिलं पॅकेज वर्षाला साडेतीन लाख होतं, आणि तेही आठ महिने हिंडल्यावर मिळालं. जो तो 'दोन वर्षांचा अनुभव हवा' म्हणायचा. दोन-अडीच वर्षं काढली, नोकरी बदलली आणि पगार जवळपास दुप्पट झाला. त्यानंतर मात्र वाढ दरवर्षीसारखीच, रडतखडत. या पहिल्या दोन वर्षांच्या भिंतीपायी काही जण क्लासवाल्यांकडून खोटा अनुभव विकत घेतात. बॅकग्राउंड चेकमध्ये पकडले गेलेले दोघे मी पाहिलेत. त्या वाटेला जाऊ नका.

मागणी टिकून आहे, त्याला कारण आहे. 17 डिसेंबर 2016 नंतर सुरू झालेल्या चाचण्यांचा डेटा अमेरिकेच्या एफडीएला (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) सीडिस्कच्या (अशा डेटाची मानकं ठरवणारी संस्था) साच्यातच लागतो. कच्चा डेटा आधी एसडीटीएम या ठरावीक मांडणीत, मग विश्लेषणासाठी ॲडॅम या दुसऱ्या मांडणीत बसवायचा आणि त्यावरून तक्ते काढायचे. महत्त्वाचा तक्ता दोघं जण स्वतंत्रपणे करतात आणि शेवटी आकडे जुळवतात.

माझा पहिलाच तक्ता जुळला नव्हता. दुष्परिणामांच्या टक्केवारीत दशांशाचा फरक येत होता. दोन दिवस कोड उलटापालटा केला, पण चूक छेदात होती. चिठ्ठी निघून गटात आलेले, पण औषधाचा एकही डोस न घेतलेले तीन रुग्ण मी सेफ्टी पॉप्युलेशनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष औषध घेतलेल्यांच्या गणतीत, धरले होते. कोड अगदी बरोबर होता! पैसे मिळतात ते हे कळण्याचे. नुसता प्रोक फ्रीक (सॅसमधली मोजणीची आज्ञा) कुणीही लिहितं.

सर्व्हायव्हल ॲनालिसिस, म्हणजे एखादी घटना किती काळाने घडते याचं विश्लेषण, येत असेल तर मुलाखतीत वजन पडतं, कारण कर्करोगाच्या चाचण्या बहुतेक त्यावरच चालतात. तिथली एक खोच ध्यानात ठेवा: ॲडॅममध्ये सेन्सर (घटना दिसण्याआधीच नोंद थांबली का, हे सांगणारा रकाना) शून्य म्हणजे घटना घडली, तर आर या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत घटना घडली की एक. उलटं बसवलंत तर आलेख सुंदर येतो आणि साफ चुकीचा असतो.

हो, आर शिकाच. एफडीएने सॅसची सक्ती कधीच केलेली नाही, आणि 2021 मध्ये आरमध्ये केलेलं प्रायोगिक सबमिशन त्यांच्याकडे गेलंही. सॅस लगेच संपेल असं मला वाटत नाही, पण एकाच भाषेवर विसंबणारी माणसं मागे पडताना दिसतात.

सरावाला खर्च नाही. सॅस ऑनडिमांड फॉर ॲकॅडेमिक्स फुकट आहे. सीडिस्कचा पायलट डेटाही फुकट मिळतो. अल्झायमरच्या 254 रुग्णांवरची झॅनोमेलिन या औषधाची चाचणी आहे ती. त्यात त्वचेचा पहिला त्रास किती दिवसांनी झाला, यावर कॉक्स मॉडेल (गटागटांतला धोका ताडून पाहायची पद्धत) सॅस आणि आर दोन्हीकडे चालवा. एकाच दिवशी बऱ्याच जणांना त्रास झालेला असेल, तर हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांच्या धोक्याचं गुणोत्तर, किंचित वेगळा येईल, कारण अशा बरोबरीच्या वेळांसाठी सॅस आपोआप ब्रेस्लो पद्धत धरतं आणि आर एफ्रॉन. मी मुलाखत घ्यायला बसते तेव्हा हाच फरक विचारते.