किनाऱ्यावर दुर्मिळ फुलपाखरे शोधताना

किनाऱ्यावर दुर्मिळ फुलपाखरू शोधायला निघणाऱ्याने आधी त्याच्या सुरवंटाची खाद्यवनस्पती ओळखायला शिकावे. प्रौढ फुलपाखरू मधासाठी अनेक फुलांवर जाते, पण मादी अंडी घालते ती बहुधा ठरावीक वनस्पतींवरच. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटावरचे ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी हे फुलपाखरू पाहा. सतराव्या शतकात जन्मलेल्या एलेनॉर ग्लॅनव्हिल या फुलपाखरू-संग्राहिकेचे नाव त्याला मिळाले आहे. त्याचे सुरवंट इसबगोलाच्या भावकीतल्या एका रानरोपावर वाढतात. समुद्राकडचे मातीचे कडे सतत ढासळत असल्यामुळे तेथे उघडी जमीन तयार होत राहते, तिच्यावर ही रोपे नव्याने रुजतात आणि उंच गवताची सावली नसल्याने ती जागा लवकर तापते. कडा स्थिरावला आणि गवत माजले, की सुरवंटांचा आसरा जातो. म्हणून असे उतार नकाशावर आधीच हेरून ठेवावेत. मात्र कड्याच्या धारेवर किंवा थेट त्याच्या पायथ्याशी कधीही थांबू नये आणि वाळूवरून परतायचे असल्यास भरतीची वेळ पाहूनच निघावे.

या फुलपाखराचा हंगाम मुख्यतः मे-जूनचा असतो, पण माझ्या मते वसंताच्या सुरुवातीची फेरीही तितकीच मोलाची आहे. तेव्हा रोपांवर विणलेल्या रेशमी जाळ्यांवर काळे, केसाळ सुरवंट दाटीवाटीने ऊन खात बसलेले असतात आणि त्यांची विटकरी डोकी जवळून स्पष्ट दिसतात. अशा ठिकाणी पाऊल फार जपून टाकावे, कारण एका जाळ्यावर पाय पडला तर एका मादीची बरीचशी संतती चिरडली जाऊ शकते.

उडण्यापूर्वी फुलपाखराला अंग तापवावे लागते. त्यामुळे निरभ्र, मंद वाऱ्याच्या सकाळी ते पंख पसरून उन्हात बसलेले असताना शोध घ्यावा, आणि वारा वाढला की उघडी धार सोडून आडोशाच्या घळी पाहाव्यात. आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने, वाकून, हळूहळू जवळ जावे. छायाचित्र घेताना पंखांची खालची बाजूही टिपावी, कारण फ्रिटिलरी म्हणवल्या जाणाऱ्या फुलपाखरांच्या गटात ओळख पटवण्यासाठी तिच्यावरची नक्षी फार उपयोगी पडते. नोंदीत तारीख, वेळ, हवामान आणि खाद्यवनस्पती लिहावी. नेमकी जागा अभ्यासकांना जरूर कळवावी, परंतु सर्वांसमोर जाहीर करू नये.