जुन्या सीडीतले सॉफ्टवेअर आणि गाणी संगणकावर कशी घ्यावीत

सीडी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी ती उजेडात धरून नीट पाहा. मधल्या भोकाजवळ तडा दिसला तर ती लावूच नका. ५२एक्सच्या, म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पटीपर्यंत चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते. तडकलेली सीडी त्या वेगात फुटली तर ड्राइव्हही जातो.

धूळ किंवा बोटांचे ठसे असतील तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. त्या मार्गाला छेदणारा बारीक ओरखडा ड्राइव्ह सांभाळून घेतो, पण मार्गालाच धरून उमटलेला ओरखडा सलग बरीच माहिती खातो. आपण सगळे चकचकीत बाजूला जपतो, पण सीडीतली माहिती असते लेबलच्या अगदी खाली. म्हणून लेबलवर बॉलपेनने लिहू नका.

आता ड्राइव्हचे बटण दाबून ट्रे उघडा, लेबल वर ठेवून सीडी खोलगट भागात नीट बसवा आणि पुन्हा बटण दाबूनच ट्रे आत जाऊ द्या. हाताने ढकलू नका. सीडी फिरून स्थिरावेपर्यंत काही सेकंद थांबा.

सॉफ्टवेअरची सीडी असेल तर बहुधा स्क्रीनवर विचारणा येते. नाहीच आली तर फाइल एक्स्प्लोररमध्ये सीडीच्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘ओपन’ निवडा आणि ‘सेटअप’ नावाची फाइल चालवा. त्याआधी अँटिव्हायरसने तपासणी करून घ्या. सिरीयल नंबर अनेकदा कव्हरवर छापलेला असतो, तेव्हा कव्हर फेकू नका. फार जुना, १६ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. तिथे सीडीचा काही दोष नाही. त्यानंतरच्या काळातला प्रोग्रॅम अडला, तर त्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधला ‘कंपॅटिबिलिटी’ विभाग वापरून पाहा.

गाण्यांच्या सीडीत मात्र हमखास फसगत होते. ती विंडोजमध्ये उघडली की ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशा फाइली दिसतात. त्या कॉपी करून सीडी टाकून दिली, तर गाणी कायमची गेली! प्रत्येक फाइल जेमतेम ४४ बाइटची असते आणि तिच्यात गाणे कुठे सुरू होते एवढीच खूण असते. खरी गाणी हवी असतील तर मीडिया प्लेअरमध्ये सीडी निवडून ‘रिप सीडी’ करा. सुरुवात करण्यापूर्वी सेटिंगमध्ये फॉरमॅट ठरवा. ‘वेव्ह’ फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. ‘फ्लॅक’ आवाजात काहीही न गमावता त्याहून बरीच कमी जागा घेते, आणि माझ्या मते जपून ठेवायला तीच उत्तम. मोबाइलवर ऐकायला ‘एमपी३’ पुरते. गाण्यांची नावे सहसा सीडीवर नसतात, प्लेअर ती इंटरनेटवरून शोधतो. सापडली नाहीत तर कव्हर पाहून स्वतः टाइप करा, नाहीतर पुढे नुसते ‘ट्रॅक ७’ उरते आणि गाणे सापडत नाही. सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकून पाहिल्यावरच सीडी कव्हरमध्ये ठेवा.

ट्रे अडकला तर संगणक बंद करून वायर काढा. ड्राइव्हच्या तोंडावर टाचणीच्या टोकाएवढे एक भोक असते. सरळ केलेली पेपर क्लिप त्यात हलकेच आत दाबा. ट्रे थोडा बाहेर आला की हाताने ओढा.